आठ अंडी आणि एक तराजू

आमच्या घरात एक भांडं आहे जे आमचं नाही. पांढऱ्या इनॅमलचं, निळ्या काठाचं, लांबट आणि खोलगट. एका कोपऱ्याचा टवका उडालाय आणि तिथे काळं लोखंड दिसतं. १९७८ च्या नाताळात ते मरोळच्या बायच्या घरून भरून आलं. पुढच्या चार महिन्यांत आम्ही खोली सोडून बोरिवलीला राहायला गेलो. सामानाच्या गडबडीत ते आमच्या भांड्यांत मिसळलं आणि परत द्यायचं राहून गेलं. आई दर दिवाळीला भांडी घासताना ते हातात घ्यायची आणि म्हणायची, "हे बायचं. नेऊन द्यायला पाहिजे." शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही अशी तिची रीत. मग त्यात काय घालून न्यायचं, यावर गोष्ट अडायची. बघता बघता सेहेचाळीस वर्षं अडली.

गेल्या वर्षी आई आजारी पडली. तोंडाची चव गेली. भात नको, पेज नको, शिरा नको. एका दुपारी मी कंटाळून विचारलं, "मग खाणार तरी काय?" ती म्हणाली, "बाय द्यायची ना नाताळात, ते दे."

आता "ते" म्हणजे काय, हे मला नीट सांगता येईना. तळाशी केकचे तुकडे असायचे, पिवळे, भरीव, हल्लीच्या केकसारखे फुसफुशीत नाहीत. ते कशात तरी भिजलेले असायचे. त्या भिजल्या थराचा रंग लाल, चव आंबटगोड. वर कस्टर्डची जाड साय आणि केळ्याच्या चकत्या. नाव काय, ते कधी विचारलंच नव्हतं. आम्ही पोरं त्याला "बायचा केक" म्हणायचो.

ज्या मरोळची ही गोष्ट, ते आज कुणाला खरं वाटणार नाही. मेट्रो, हॉटेलं, विमानतळ, काचेच्या इमारती. माझ्या लहानपणी ते गाव होतं. अंधेरी स्टेशनला उतरून पूर्वेला निघालं की चकाला, मग मूळगाव, मग मरोळ. मध्ये भातखाचरं आणि भाजीचे मळे. पावसात मिठी नदीचं पाणी खाचरात शिरायचं आणि पोरं खेकडे धरायला पळायची. आमचं मूळ गाव संगमेश्वराकडचं. बाबा साकीनाक्याच्या एका कारखान्यात कामाला. गावठाणात बायच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, त्यांतल्या एका खोलीत आम्ही सहा माणसं.

बाय ईस्ट इंडियन. मराठीच बोलायची, पण आमच्यापेक्षा वेगळ्या हेलाची. लुगडं नेसायची. कानात सोन्याची जड कुडी, अंगणात तुळशीवृंदावनाच्या जागी क्रूस. उन्हाळ्यात मिरच्या-मसाले भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरायची. त्या मसाल्याचं नावच बॉटल मसाला.

ईस्ट इंडियन हे नाव ऐकून बाहेरची माणसं बुचकळ्यात पडतात. पश्चिम किनाऱ्यावरची माणसं ईस्ट इंडियन कशी? त्याला इतिहास आहे. १५३४ च्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली आणि इथल्या कोळी, कुणबी, भंडारी, आगरी अशा अनेक जातींतली माणसं ख्रिस्ती झाली. १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. पुढे मुंबईत रेल्वे आली, गोदी वाढली, कचेऱ्या उघडल्या आणि नोकरीसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती माणसं येऊ लागली. सगळ्यांची आडनावं सारखीच. आम्ही इथलेच, कंपनी सरकारच्या मुलखातले, हे वेगळं कळावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, इथल्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतलं आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली.

त्यांच्या जेवणातही हा सगळा इतिहास बसलेला. तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी कोकणची, पाव आणि व्हिनेगर पोर्तुगीजांकडून आणि लोण्याचा केक इंग्रजांकडून. इंग्रजीत त्याला पाउंड केक म्हणतात. एक पौंड मैदा, एक पौंड लोणी, एक पौंड साखर, एक पौंड अंडी. हॅना ग्लास या इंग्रज बाईच्या १७४७ च्या पाककृतींच्या पुस्तकात तो आहे. फ्रेंच लोक त्यालाच "चार चतुर्थांश" म्हणतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही तो लक्षात ठेवता यावा, इतका सोपा हिशोब. पौंडाला आपल्याकडे रत्तल म्हणत. म्हणजे हा रत्तलाचा केक.

मग मी करायला बसले. आईला विचारलं, "बाय किती काय घ्यायची आठवतं?" आई पडल्या पडल्या म्हणाली, "आठ अंडी. नि बाकी सगळं पावशेर-पावशेर." मी पावशेर म्हणजे पाव किलो धरलं. अडीचशे ग्रॅम मैदा, तेवढीच साखर, तेवढंच बिनमिठाचं लोणी, कारण हल्ली केकला तेच चांगलं म्हणतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ अंडी आणली. ओव्हनमधून निघालं ते केक आणि आम्लेट यांच्या मधलं काहीतरी. रबरासारखं, वर अंड्याचा वास. तरी तुकडे केले, रास्पबेरी जेलीचं पाणी घातलं, कस्टर्ड ओतलं आणि आईला दिलं. तिने दोन चमचे खाल्ले.

"हे ते नाही."

"का?"

"बायचं जरा खारट असायचं."

गोड पदार्थ खारट कसा? मला वाटलं, आजारपणामुळे जिभेची गडबड झाली असेल. रात्री विचार करताना ध्यानात आलं, खारट होतं ते लोणी. बाय डब्यातलं पिवळं बटर वापरायची, आणि ते मिठाचंच असे. मुंबईला खारट बटरची सवय पोल्सनने लावली. पेस्तनजी दलाल यांची ही कंपनी. १९३० मध्ये त्यांनी आणंदला डेअरी काढली. पुढे आणंदच्याच शेतकऱ्यांच्या संघाने १९५० च्या दशकात अमूल बटर बाजारात आणलं. ते ताज्या सायीचं, सुरुवातीला अळणी आणि पांढरं. लोकांना ते बेचव लागलं. मुंबईची जीभ पोल्सनवर वाढलेली. शेवटी अमूललाही मीठ आणि पिवळा रंग घालावा लागला, असं व्हर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे. म्हणजे आईची जीभ बरोबर होती. पाव किलो खारट बटर घातलं की केकला पुसटसा मिठाचा स्वाद येणारच, आणि त्याने गोडी उठून दिसते.

दुसऱ्या खेपेला बटर बदललं. चव थोडी जवळ आली, पण रबर तसंच. आठ अंडी जास्त होत होती. सहा करून पाहिली, पाच करून पाहिली. पाचाला केक बरा झाला, पण आई म्हणाली, "बाय आठच घ्यायची. मी समोर बसलेली असायचे."

मग एक दिवस काहीच करत नसताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना, मला तराजू आठवला.

बायच्या पडवीत पितळी पारड्यांचा तराजू टांगलेला असे. तिचा नवरा पूर्वी मळ्यातली भाजी विकायचा, त्याचा. वजनं मात्र नव्हती. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलो-ग्रॅम यायला सुरुवात झाली आणि १९६२ च्या एप्रिलपासून शेर आणि रत्तल वापरणं बेकायदेशीर झालं. नवऱ्याची जुनी वजनं भंगारात गेली. नव्या किलोवर बायचा विश्वास नव्हता. मग केक करायच्या दिवशी ती काय करायची? एका पारड्यात आठ अंडी ठेवायची. दुसऱ्या पारड्यात मैदा, काटा सरळ होईपर्यंत. मैदा काढला की साखर. साखर काढली की बटर. अंडी म्हणजेच वजन! तराजू धरायचा मान आम्हा पोरांत वाटून दिलेला. माझा हात हलला की ती ओरडायची, "नीट धर गो, अंडी पाडशील तर नाताळ पाडशील."

आणि ती अंडी होती तिच्या अंगणातल्या गावठी कोंबड्यांची. गावठी अंडं पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. दुकानातलं पोल्ट्रीचं अंडं पन्नास-पंचावन्नच्या पुढे. ऐंशी तोळ्यांचा शेर धरला तर जुना पावशेर म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. आठ गावठी अंड्यांतलं टरफल सोडलं की उरतं साधारण तेवढंच. म्हणजे आईचे "आठ अंडी नि पावशेर" हे दोन्ही शब्द खरे होते. खोटी होती ती माझी अंडी आणि माझा पावशेर.

बोरिवलीच्या बाजारात गावठी अंडी मिळाली. साधा तराजू शेजारच्या रद्दीवाल्याकडून तासभर मागून आणला. तो हसला, पण दिला. बायसारखंच केलं. आधी साखर आणि बटर परातीत हाताने फेसलं, एकाच दिशेने, पांढरं होईपर्यंत. मग एकेक अंडं. शेवटी मैदा, तोही हलक्या हाताने. या केकात सोडा नाही, पावडर नाही. हाताने जी हवा कोंडली जाते तेवढ्यावरच तो फुगतो. म्हणून तर बाय पाळीपाळीने सगळ्यांना कामाला लावायची.

भाजायचं मात्र राहिलं होतं. त्या काळी गावठाणात कुणाकडे ओव्हन नव्हता. नाताळाच्या आठवड्यात बायका पत्र्याचे ट्रे भरून बेकरीत न्यायच्या. पावाची भट्टी उतरली की मंद धगीवर बेकरीवाला लोकांचे केक आणि थाळी स्वीट लावायचा. कुणाचा ट्रे कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकीची काही खूण असायची. बायची खूण म्हणजे ट्रेच्या कडीला बांधलेली लाल चिंधी. केकला लाकडाच्या धुराचा किंचित वास लागायचा. २०२५ मध्ये मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकडाच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेवर जायचा आदेश झाला. हवा खराब होते हे खरंच आहे, त्याला माझी हरकत नाही. पण त्याआधी मी एका ओळखीच्या बेकरीवाल्याला गळ घातली. त्याने माझा ट्रे लावून दिला. तास-सव्वा तासाने निघालेला केक हातात घेतला आणि नुसत्या वासावरून मला पडवी दिसली.

राहिला तो लाल थर. जेली नव्हती, हे आईने पहिल्याच दिवशी सांगितलं. "फ्रीज कुठे होता कुणाकडे? जेली जमणार कशी?" बरोबर. कस्टर्ड पावडरीत मक्याचं पीठ असतं, ते डिसेंबरच्या गारव्यात परातीत पाणी घालून ठेवलं तरी जमतं. ही पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. आपल्याकडे पुण्याच्या वेकफिल्डने ती घरोघर नेली. दूध आरे कॉलनीचं. पहाटे केंद्रावर रांग लावून काचेच्या बाटल्या आणायच्या. नाताळात बाय आमच्या कार्डावरचीही बाटली मागून घ्यायची. साखरेचंही तसंच. साखर रेशनची. दिवाळीला बायची साखर आमच्याकडे यायची, नाताळाला आमची बायकडे जायची. हिशोब कुणी लिहिला नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर तर रवा, मैदा, साखर, तेल काहीच मिळेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या काळात. १९७३ च्या नाताळाला बायचा केक झाला नाही. तिने आम्हाला नुसती केळी दिली आणि वर म्हणाली, "वरचा थर खा, खालचा पुढच्या साली."

लाल थराचा शोध घ्यायला मी मरोळला गेले, कुर्ल्याला गेले, वांद्र्याला ओळखीच्या एका घरी गेले. ईस्ट इंडियन बायकांनी मला हौसेने सगळं सांगितलं. केक-कस्टर्डचं पुडिंग सगळ्यांना माहीत. पण आंबटगोड लाल थर कुणालाच ठाऊक नाही. "आम्ही घरची वाईन घालतो," सगळ्या म्हणाल्या. "नाहीतर जेली." एक म्हातारी म्हणाली, "तुला चुकीचं आठवतंय, बाळ." मलाही तसंच वाटू लागलं.

बायचं घर आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे. तिची धाकटी लेक वसईकडे राहते, एवढं कळलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणायचे. दोन-तीन जणांना विचारत फोन नंबर मिळाला. मी ओळख सांगितली तर ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "संगमेश्वरकरांची तू? जिने तराजू पाडला होता ती?"

मी लाल थराचं विचारलं. ती हसायलाच लागली.

"अगं, ते तुमचंच. तुझी आई मे महिन्यात गावाहून अमृतकोकम आणायची ना? एक बाटली आमच्या आयला द्यायची. आय ती नाताळापर्यंत जपून ठेवायची."

"पण इतर कुणाला माहीतच नाही."

"कसं असेल? आमच्याकडे दोन भांडी व्हायची. आमच्यात वाईन. आणि तुमच्या भांड्यात कोकम. तुझा काका दारूने गेला होता ना? तुझी आई दारूच्या थेंबाला शिवायची नाही. आय म्हणायची, वाईन घातली आणि तिला नंतर कळलं, तर पोरींना माझ्या हातचं पाणीही पिऊ देणार नाही ती. आणि न सांगता घालणं म्हणजे पाप."

माझा काका दारूबंदीच्या दिवसांत हातभट्टीची पिऊन गेला. त्या गोष्टीचा उच्चार आमच्या घरात कुणी करत नसे. बायला ते कळलं कसं, मला ठाऊक नाही. पण पावसाळ्याच्या अलीकडची एक बाटली डिसेंबरपर्यंत राखून तिने फक्त आमच्यासाठी वेगळा पदार्थ केला आणि त्याचा कधी शब्दही काढला नाही. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की नाताळचा पदार्थ असाच असतो. जगात तो एकाच घरात होत होता, आणि एकाच घरासाठी.

आईला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं, कोकम ती सरबताला वापरते." आणखी थोड्या वेळाने, "मी तिला विचारलंही नाही कधी."

मग एकदा सगळं नीट जुळवून केलं. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी सांगते. आठ गावठी अंडी, त्यांच्या भाराइतका मैदा, तेवढीच साखर, तेवढंच खारट बटर. केक एक दिवस शिळा होऊ द्यायचा, ताजा केक भिजून गाळ होतो. बोटभर जाडीचे तुकडे भांड्यात लावायचे. अर्धी वाटी अमृतकोकमात तेवढंच पाणी घालून ते सगळीकडे सारखं शिंपडायचं आणि तासभर मुरू द्यायचं. कस्टर्ड जाड करायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच घालायचं. गरम असताना आंबटाला लागलं तर दूध फाटतं. केळी वाढायच्या वेळी.

मी ते त्याच इनॅमलच्या भांड्यात लावलं. आईने वाटीभर खाल्लं. चमचा खाली ठेवून तिने विचारलं, "हिला नेऊन दिलंस का?" हिला म्हणजे बायला. बाय जाऊन पंचवीस वर्षं झाली हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "उद्या नेते."

दुसऱ्या दिवशी विरार लोकलने गेले, मांडीवर भांडं, त्यावर फडकं. ताईने दार उघडलं आणि माझ्याकडे बघायच्या आधी भांड्याकडे बघितलं. उडालेल्या टवक्यावरून बोट फिरवलं. "हे मी पाडलं होतं," म्हणाली. "आयने मारलं होतं मला." तिने खाल्लं, तिच्या नातवाने खाल्लं. नातवाला कोकम फार आंबट लागलं. त्याने वरचं कस्टर्ड तेवढं संपवलं.

निघताना तिने भांडं घासलं, पुसलं आणि त्यात फुगे भरून माझ्या हातात दिलं.

"अगं, हे तुमचं आहे. हेच तर द्यायला आले होते."

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या नाताळाला कोकम घालून आण."